बॅग भरताना: युगांडाला वर्षभर

प्रश्न: ताई, मी नर्स आहे. फोर्ट पोर्टलच्या दवाखान्यात वर्षभर स्वयंसेवक म्हणून निघाले आहे. २३ किलोंत काय काय बसवू? आई म्हणते, पोळपाट-लाटणं ने. (वाचक, सांगली)

उत्तर: आईला सांग, पोळपाट राहू दे. युगांडात चपातीला चपातीच म्हणतात आणि ती रस्त्यावर मिळते. आत अंड्याचं ऑम्लेट गुंडाळलं की तिचं नाव 'रोलेक्स'! डाळ, जिरं, हळद कंपालाच्या दुकानांत मिळेल. गोडा मसाला मात्र अर्धा किलो ने, तो कुठून मिळणार?

लोणचं मीही नेलं होतं. बरणीला तीन पिशव्या, वर चिकटपट्टी, तरी तेल झिरपलंच. पांढऱ्या अ‍ॅप्रनवरचा तो पिवळा डाग चौदा महिने माझ्यासोबत राहिला. सुकी चटणी ने, बाई.

विषुववृत्त म्हणून नुसते सुती कपडे भरू नकोस. फोर्ट पोर्टल दीड हजार मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतोच. पावसाळे दोन, त्यामुळे बूट आधी रुळवलेले हवेत. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा, आपला बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

पीतज्वराची लस आधी घे. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, मग आयुष्यभर चालतो. तो पासपोर्टसोबत ठेव, येताना मुंबईतही विचारतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोल.

आणि चष्मा असेल तर दुसरा ने. माझा तिसऱ्याच आठवड्यात बोडा-बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, पडला.