पागो पागोचा कारखाना नेमका कशामुळे बंद पडला?

अमेरिकन सामोआ या प्रशांत महासागरातील अमेरिकेच्या ताब्यातील बेटांवरचा, पागो पागो येथील ट्यूना माशाचे डबे भरणारा कारखाना २००९ मध्ये त्सुनामीमुळे बंद पडला की किमान वेतन वाढवल्यामुळे, आणि एका कारखान्यावाचून बेटाचे एवढे काय अडते, असा आपला प्रश्न आहे. त्सुनामीचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. ती २९ सप्टेंबरला आली आणि दुसऱ्याच दिवशी ‘चिकन ऑफ द सी’ या कंपनीच्या त्या कारखान्याला टाळे लागले, म्हणून हा गैरसमज होतो, परंतु बंदची घोषणा मे महिन्यातच झाली होती.

वेतनाचा भार मात्र खरा होता. २००७ च्या कायद्याने ताशी ३.२६ डॉलरचा दर दरवर्षी ५० सेंटने वाढू लागला आणि मे २००९ मध्ये ४.७६ डॉलरवर गेला. तरीही माझ्या मते खरी मेख जकातीत आहे. अमेरिकन सामोआत भरलेला डबा अमेरिकेत बिनजकात जातो, थायलंडच्या डब्यावर जकात लागते, आणि या सवलतीवरच तेथील धंदा उभा राहिला. आता कामाची पद्धत पाहा. ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, आधी वाफवतात. तो निवला की डोके, कातडी, काटे आणि गडद रंगाचे मांस सुरीने हाताने काढावे लागते. बहुतेक मनुष्यबळ येथेच लागते. डबे भरणे आणि बंद करणे हे यंत्राचे काम. या साफ केलेल्या, गोठवलेल्या मांसावर अमेरिकेत जकात जवळजवळ नाहीच. त्यामुळे सफाई स्वस्त मजुरीच्या देशांत आणि डबाबंदी जॉर्जिया राज्यातील लायन्स गावी, अशी विभागणी कंपनीला परवडली. लायन्समध्ये सुमारे २०० माणसांत काम भागले. पागो पागोत दोन हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली.

पगार बुडाले की दुकानांची उलाढाल घटते, हे उघडच आहे. मालवाहतुकीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तांदूळ, कोंबडी, सिमेंट घेऊन आलेली जहाजे परतताना डब्यांचे कंटेनर नेतात; ते घटले की परतीच्या फेरीचा खर्चही येणाऱ्या मालावर पडतो आणि ज्याने कारखान्याचे तोंडही पाहिले नाही त्याचा किराणा महागतो. वीज कंपनीचेही तेच: मोठा ग्राहक गेला की स्थिर खर्च उरलेल्यांच्या माथी येतो. शिवाय कामगारांपैकी पुष्कळ जण शेजारच्या स्वतंत्र सामोआतून आलेले, म्हणजे त्या देशातील घरांनाही झळ बसली.

त्याच जागी ‘ट्राय मरीन’ या दुसऱ्या ट्यूना कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये नवा कारखाना सुरू केला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तोही बंद केला. उरला १९६३ पासूनचा ‘स्टारकिस्ट’ कंपनीचा कारखाना. २०१० च्या जनगणनेतील ५५,५१९ ही लोकसंख्या २०२० मध्ये ४९,७१० वर आली, पण सगळी घट कारखान्याच्या खाती टाकू नये. सामोअन लोकांचे हवाई आणि कॅलिफोर्नियाकडे स्थलांतर फार जुने आहे. वेतनवाढ पुढे अनेकदा लांबणीवर टाकण्यात आली आणि २०१५ पासून ती दर तीन वर्षांनी ४० सेंट एवढीच ठरली. मासा सोलणाऱ्या हातांनी आपली मजुरी कमी ठेवून नोकरी टिकवली, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो.