माफी द्यायची, पण किल्ल्या?

प्रश्न : सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) बोर्डिंगचा मी दोन वर्षांपासून अध्यक्ष आहे. किराणा-भाजीची रोकड १४ वर्षं एकट्या अधीक्षकांच्या हातात होती. यंदा ४२,००० रुपयांची तूट निघाली. मुलीच्या अॅडमिशनला वापरले, असं त्यांनी रडत कबूल केलं. ते माझे मावसभाऊ आहेत. पंच म्हणतात, आपली ख्रिस्ती संस्था आहे, क्षमा करा आणि विषय मिटवा. काय करू?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सलाम, भाऊ. तुम्हाला फसवलं गेल्याचं दुःख झालं असेल, त्याची क्षमा आजच करा. पण ते ४२,००० तुमचे नाहीत, पंचांचेही नाहीत. मुलांच्या ताटातले आहेत. दुसऱ्याचं देणं आपण कसं माफ करणार?

मी मिशनच्या दवाखान्यात मेट्रन असताना पहिल्याच वर्षी स्टोअरमधले दूध पावडरचे डबे कमी भरले. कुणी नेले ते मला ठाऊक होतं. बाई विधवा, पदरी तीन पोरं, म्हणून मी गप्प बसले. पुढं पुन्हा डबे गेले तेव्हा आळ आला एका वॉर्डबॉयवर, आणि तो नोकरी सोडून गेला. माझ्या दयाळूपणाची किंमत त्यानं मोजली. अजून टोचतं.

पंचांना बायबलमधल्या जक्कयाची, त्या श्रीमंत जकातदाराची, आठवण द्या. येशू त्याच्या घरी उतरला तो पैसे परत मिळायच्या आधीच. पण जक्कयानं स्वतःहून चौपट फेडायचं कबूल केलं, तेव्हा "असू दे रे" असं काही येशू म्हणाला नाही.

एक चूक मात्र संस्थेची आहे. एकट्या माणसापुढं इतकी वर्षं उघडी पेटी ठेवली कुणी? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली, तेव्हा प्रेषित पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. पौलालाही आपल्या एकट्याच्या प्रामाणिकपणावर भागवता आलं नाही, आपलं काय!

तेव्हा विश्वस्तांची सभा बोलवा. त्या विषयापुरते खुर्चीवरून उठा, नात्यामुळं. कबुली आणि परतफेडीचे हप्ते लेखी घ्या, इतिवृत्तात नोंदवा. ऑडिटरला स्वतः सांगा. ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तूट खोट्या व्हाउचरखाली दडवलीत, तर उद्या तुम्हीही त्यात आलात. यापुढं वाण्याचं बिल थेट बँकेतून, दोन सह्यांनी द्या. मावसभावांना नोकरीवर ठेवायचं की नाही ते सभा ठरवील. ठेवलंच, तर पैशापासून दूर.

आणि येत्या रविवारी भक्ती झाली की वहिनींना घेऊन त्यांच्याकडे जेवायला जा. किल्ल्या मात्र शनिवारीच घ्या.