१० नॅनोमीटरच्या फटीतलं पाणी

सप्रेम आशीर्वाद.

फटीतल्या पाण्यावरच्या तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा वाचला. एका वाक्यापाशी थांबलो: ‘१० नॅनोमीटर उंचीच्या फटीत पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १२ होतो.’ (हा स्थिरांक म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप.) आकडा बरोबर आहे, पण त्यावरून तू फटीतलं सगळं पाणीच बदललं असं धरून चालली आहेस.

लॉरा फुमागाली, आंद्रे गाइम आणि मँचेस्टरच्या सहकाऱ्यांचा २०१८चा ‘सायन्स’मधला प्रयोग पुन्हा काढ. खाली ग्रॅफाइट, वर बोरॉन नायट्राइडचा पातळ पापुद्रा, मध्ये पाणी, आणि वरून अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई. फट अगदी अरुंद झाली की नेहमीच्या पाण्याचा ८०चा स्थिरांक २.१वर येतो. प्रकाशाच्या वारंवारतेला पाण्याचा स्थिरांक १.८च्या आसपास असतो, म्हणजे भिंतीलगतचे रेणू विद्युत क्षेत्राकडे वळणं जवळपास सोडूनच देतात. हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता कागद घे. दोन्ही भिंतींलगतचे हे निष्क्रिय थर मिळून सुमारे १.५ नॅनोमीटर, उरलेलं ८.५ नेहमीचं पाणी. क्षेत्र भिंतींना लंब, म्हणून थर म्हणजे एकसर जोडणीतले, एकामागोमाग एक लावलेले कपॅसिटर; प्रत्येक थराची जाडी भागिले स्थिरांक काढायचं आणि बेरीज करायची. १.५ भागिले २.१ म्हणजे ०.७१, ८.५ भागिले ८० म्हणजे ०.११. बेरीज ०.८२. १०ला तिने भाग, १२ येतात. मधल्या पाण्याला हातही न लावता! एकसर जोडणीत सगळ्यात कमी स्थिरांकाचा थर वरचढ ठरतो, म्हणून परिणाम दहापट रुंद फटीतही दिसतो.

त्यामुळे फटीच्या मधोमध असलेल्या आयनाची सॉल्व्हेशन ऊर्जा, म्हणजे आयन पाण्यात आल्यावर होणारा ऊर्जेतला बदल, काढताना बॉर्नच्या सूत्रात (ते ही ऊर्जा भोवतालच्या स्थिरांकावरून देतं) सरळ १२ घालू नकोस. त्याच्या भोवतीचं पाणी ८०चंच आहे. भिंतींचा परिणाम वेगळा हिशेबात घ्यावा लागेल.

आणि दिशा लिहिल्याशिवाय आकडा लिहू नकोस. याच गटाने २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये भिंतींना समांतर दिशेचं मोजमाप दिलं. तिथे स्थिरांक काही नॅनोमीटरपर्यंत नेहमीसारखा राहतो, आणि त्याहून अरुंद फटीत हजाराच्या घरात जातो. तेच पाणी, तीच फट.

सिम्युलेशनमध्ये फटीची उंची कुठून कुठपर्यंत मोजलीस, तेही मसुद्यात सापडलं नाही. भिंतीतल्या कार्बनच्या अणुकेंद्रांपासून की पाण्याची घनता सुरू होते तिथपासून? फट १ नॅनोमीटरची असेल तर एवढ्या फरकानेही उत्तर पार बदलतं. दोन्ही व्याख्यांनी आकडे काढ आणि सोमवारी घेऊन ये.