वाचकांचे प्रश्न : पॉइंट किती, पिक्सेल किती?

प्रश्न : आयफोनच्या अ‍ॅपमध्ये १०० बाय १०० मापाचं वर्तुळ थेट व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या चौकोनी भागात) काढलं की कडा स्वच्छ दिसते. त्याच कोडने इमेज बनवून ती इमेज व्ह्यूमध्ये ठेवली, तर पुसट दिसते. असं का?

उत्तर : कोड एकच असला तरी कॅनव्हास वेगळा आहे. तुम्ही लिहिलेले १०० हे पॉइंट आहेत. पॉइंट हे मांडणीचं माप आहे, स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे पिक्सेल नव्हे. २०१० साली आयफोन ४ मध्ये स्क्रीन ३२० बाय ४८० पिक्सेलवरून ६४० बाय ९६० वर गेली, पण अ‍ॅपच्या हिशोबी ती ३२० बाय ४८० पॉइंटचीच राहिली. तसं केलं नसतं तर जुन्या अ‍ॅपची बटणं लांबी-रुंदीने निम्मी झाली असती. एका पॉइंटच्या लांबीत किती पिक्सेल बसतात तो आकडा म्हणजे स्केल : आयफोन ४ वर २, आयफोन १५ वर ३ (३९३ बाय ८५२ पॉइंट, ११७९ बाय २५५६ पिक्सेल).

व्ह्यूला स्केल यूआयकिटकडून (आयफोनच्या स्क्रीनवरचे घटक मांडणाऱ्या लायब्ररीकडून) आपोआप मिळतो. तुम्ही बहुधा यूआयग्राफिक्सबिगिनइमेजकॉन्टेक्स्ट हे जुनं फंक्शन वापरताय. ते स्केल १ धरतं. त्यामुळे इमेजमध्ये १०,००० पिक्सेलच तयार होतात आणि ३ स्केलच्या स्क्रीनवर ते ९०,००० पिक्सेलच्या जागेत ताणले जातात. त्याऐवजी यूआयग्राफिक्सइमेजरेंडरर (इमेज काढून देणारा रेंडरर) घ्या. आयओएस १० पासून तो आहे आणि स्क्रीनचा स्केल स्वतःच धरतो. जुनाच कोड ठेवणं भाग असेल, तर नावाच्या शेवटी विथऑप्शन्स असलेलं फंक्शन घेऊन स्केलच्या जागी ० द्या. खात्री करायची तर इमेजचा साइझ (पॉइंट) आणि तिच्या सीजीइमेजची (आतल्या मूळ पिक्सेल-चित्राची) रुंदी (पिक्सेल) प्रिंट करून भागाकार बघा. १ आला की चूक तिथेच.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोवर तारीख छापायला तोच रेंडरर वापरला, तर मेमरी संपून अ‍ॅप बंद पडतं.

उत्तर : कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचा स्केल १ असतो, म्हणून त्याचा साइझ ४००० बाय ३००० पॉइंट असा येतो. तोच साइझ रेंडररला दिला की तो ३ ने गुणतो : १२,००० बाय ९,००० पिक्सेल. पिक्सेलला ४ बाइट धरले तरी ही ४३ कोटी २० लाख बाइट झाली. मूळ फोटोला ४ कोटी ८० लाख पुरतात. रेंडररफॉरमॅट (रेंडररची सेटिंग) तयार करून त्याचा स्केल १ करा आणि मगच रेंडरर बनवा. स्क्रीनवर दिसायचं असेल तर स्क्रीनचा स्केल, फाइलमध्ये जायचं असेल तर १, एवढं आधी ठरवूनच कोड लिहावा.

प्रश्न : १ पॉइंट जाडीची आडवी रेघ २ स्केलच्या फोनवर रेखीव, ३ स्केलवर मात्र धूसर. का?

उत्तर : स्ट्रोक, म्हणजे आखलेल्या मार्गावर ओढलेली रेघ, मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा पडतो. मार्ग पूर्णांक पॉइंटवर असेल तर २ स्केलवर दोन्हीकडे एकेक पूर्ण पिक्सेल येतो. ३ स्केलवर दीड-दीड येतो आणि तो अर्धा पिक्सेल फिकट रंगवला जातो. रेघ अर्धा पॉइंट खाली सरकवा. दोन्ही फोनवर कडा पिक्सेलच्या सीमेवर बसेल. एक पिक्सेलची बारीक रेघ हवी असेल तर आमच्या मते स्ट्रोकच्या नादी लागूच नये. पूर्णांक पॉइंटवर, १ भागिले स्केल एवढ्या उंचीचा आयत भरावा.

प्रश्न : सीजीइमेजच्या क्रॉपिंगने फोटो भलतीकडेच कापला जातो.

उत्तर : क्रॉपिंगला पिक्सेल लागतात, तुम्ही पॉइंट देताय. आयताचे चारही आकडे इमेजच्या स्केलने गुणा आणि नवी इमेज बनवताना तोच स्केल परत द्या. उभ्या धरलेल्या फोनचा फोटो असेल, तर आतली सीजीइमेज बहुतेक वेळा आडवीच असते. आधी फोटो रेंडररमध्ये सरळ काढून घ्या, मग कापा.