पावणेअकरा लाखाची ऑक्टाव्हिया आणि तिच्या मागून येणारा खर्च

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही नाशिकचे, अंबड एमआयडीसीत नोकरी, मिसेस शाळेत शिक्षिका, दोघांचे मिळून १,१५,००० हातात येतात. होमलोनचा हप्ता २७,०००, एसआयपी १२,०००, घरखर्च ५२,०००. एफडी ६ लाखांची. मुलगी नववीत. जुनी वॅगनआर १.२५ लाखाला जातेय, आणि तुम्हाला २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, ७२,००० किलोमीटर चाललेली, १०.७५ लाखाला मिळतेय. एफडीतले ४ लाख, वॅगनआरचे सव्वा आणि साडेपाच लाखांचं लोन असा तुमचा हिशेब आहे. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय की वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मागे पाय पसरून बसता यावं. त्या ओळीकडे नंतर येतो, कारण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

आधी गाडीबद्दल. गाडी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. १८० पीएसचं इंजिन, ५९० लिटरची डिकी, कसारा घाट चढताना एसी चालू ठेवून चार माणसं आणि सामान असलं तरी दम लागत नाही. नवी असताना ही ऑन-रोड वीस लाखाच्या वर जायची, म्हणून आज निम्म्या किमतीत मिळतेय हे बघून मोह होतो, कुणालाही होईल. पण किंमत फक्त गाडीची उतरलीय हो, पार्ट्सची नाही उतरली. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), वॉटर पंप, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आपोआप बदलणारा कंट्रोल भाग), हे सगळं आजही वीस लाखाच्या गाडीच्या भावानेच मिळतं, आणि गाडी आता नेमकी त्या वयात आलीय जिथे हे पार्ट बदलायला येतात.

या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे दोन कोरड्या (ऑइलमध्ये न बुडणाऱ्या) क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही, पण द्वारका सर्कलला संध्याकाळी जे इंच-इंच सरकणं चालतं ना, तिथे त्याचे क्लच तापतात आणि झिजतात. मेकॅट्रॉनिक गेलं तर बिल लाखाच्या वर सहज जातं. जाईलच असं म्हणत नाही, पण गेलं तर पैसे कुठून येणार हे आजच ठरलेलं पाहिजे, आणि तुमच्या हिशेबात त्याचा रकानाच नाही.

टर्बोचंही तसंच. आतलं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ते फिरतं इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुनं झालं, किंवा आधीच्या मालकाने पैसे वाचवायला हलक्या दर्जाचं ऑइल टाकलं, की बेअरिंग झिजायला लागतं आणि ते बाहेरून दिसत नाही. तुमचं घर ते कंपनी सात किलोमीटर, म्हणजे ऑइल नीट गरम व्हायच्या आत गाडी बंद. अशा वापरात कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असली तरी ७-८ हजारांवर ऑइल बदलायचं, आणि तेही त्याच ग्रेडचं.

आता आकडे. साडेपाच लाख, १३ टक्के, ४ वर्षं, म्हणजे हप्ता साधारण १४,७५५, आणि चार वर्षांत नुसतं व्याज १.५८ लाख. महिना हजार किलोमीटर धरले आणि शहर-हायवे मिळून १० चं ॲव्हरेज धरलं (नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये ८ पण येईल) तर पेट्रोल १०४ च्या भावाने १०,४००. इन्शुरन्स महिन्याला ३,०००, सर्व्हिस २,०००, आणि रिपेअरसाठी बाजूला काढायचे ६,०००. झाले ३६,१५५. वॅगनआरवर आता जातात ते सहा हजार वजा करा, तरी वरचा बोजा ३०,०००. आणि तुमच्याकडे महिन्याअखेर उरतात २४,०००. म्हणूनच तुम्ही लिहिलंय ना की "एसआयपी चार वर्षं थांबवली तर जमेल". चार वर्षं म्हणजे ५.७६ लाख रुपये नुसती मुद्दल, आणि त्याच चार वर्षांत मुलीची अकरावी-बारावी, क्लासची फी आणि ॲडमिशन येतेय. इथे मी स्पष्ट नाही म्हणतो. एसआयपी थांबवून गाडी घेऊ नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१९ ला मी स्वतः एक सेकंडहँड टर्बो सेडान घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. डीलरकडे गेलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी, इंजिन चालू करून दाखवलं, आवाज एकदम मऊ. बॉनेटवर हात ठेवायचं सुचलं नाही. ठेवला असता तर कळलं असतं की आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्टला मागून निळसर धूर, म्हणजे ऑइल जळतंय. तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्सने हात टेकले, बिल १.३८ लाख, आणि ते भरायला मुलाच्या फीची आरडी मोडली. त्या दिवशी घरी कोण काही बोललं नाही, पण ती शांतता मला अजून आठवते. तुमच्या घरी तसं व्हायला नको.

मग काय करायचं? माझ्या मते २०२१ ची स्कोडाचीच रॅपिड १.० टीएसआय मॅन्युअल बघा, सव्वासात लाखाच्या आसपास बसेल. ११० पीएस आहे, हायवेला अजिबात कमी पडत नाही, आणि याच घराण्यातलं इंजिन पुढे स्कोडाच्या स्लाव्हियात आलंय त्यामुळे काम येणारे मेकॅनिक आणि पार्ट दोन्ही मिळत राहतील. ऑटोमॅटिकच हवी असेल तर या इंजिनाबरोबरची ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारी) आहे, ड्राय क्लच नाही. इंजिन ९९९ सीसीचं, म्हणून थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला २,०९४, आणि १.८ ला तोच ७,८९७. एफडीतले अडीच, वॅगनआरचे सव्वा, लोन साडेतीन. हप्ता ९,३९०, पेट्रोल १४ च्या ॲव्हरेजने ७,४००, इन्शुरन्स-सर्व्हिस-रिपेअर मिळून ५,९००. जुनी गाडी वजा जाता बोजा १६,७०० च्या आत. एसआयपी चालू राहते, एफडीत साडेतीन लाख राहतात, आणि महिन्याला सातेक हजार हातात उरतात. एक मात्र आहे, दोन्ही गाड्या ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीच्या आहेत. नीती आयोगाच्या रोडमॅपमध्येच अशा जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज ६-७ टक्के पडेल असं दिलंय, म्हणून मी आकडे मुद्दाम हात राखून धरलेत.

वॅगनआर विकताना इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट घ्या, विसरू नका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तीन वर्षांत नव्या पॉलिसीला लावता येतो. लोक हे पैसे अक्षरशः सोडून देतात. गाडी घेताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्या, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पेमेंट करू नका, आणि पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. बघायला सकाळी सातला जा, न सांगता जमलं तर उत्तमच. बॉनेट गार पाहिजे. वॉटर पंपाजवळ गुलाबी पांढरट खरपुडी दिसली तर कूलंट झिरपतंय. चेसिस नंबरवरून सर्व्हिस रेकॉर्ड काढा आणि स्कॅनर लावून बिघाडाचे कोड बघून घ्या, हजार-दोन हजार जातील पण जाऊ देत.

आता वडिलांचं. मागे जागा ऑक्टाव्हियात भरपूर आहे, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसल्यावरच्या जागेपेक्षा बसताना-उठताना जास्त त्रास होतो. सेडानची सीट खाली असते, दरवाज्याला धरून खाली वाकत बसावं लागतं आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. माझ्या आईचं तेच झालं, ती सेडानमधून उतरताना माझा खांदा धरायची आणि उंच गाडीतून आपली आपण उतरायची. तुमची वॅगनआर त्यांना या बाबतीत कदाचित जास्त सोयीची असेल, विचारा त्यांना. म्हणून टोकन द्यायच्या आधी एका रविवारी त्यांना बरोबर न्या, ऑक्टाव्हिया आणि रॅपिड दोन्हींत मागे बसवा, मुंबई-आग्रा हायवेला वीस मिनिटं फिरवा आणि ते उतरताना तुम्ही मदत न करता फक्त बघा. दोन्हीतून त्रास झाला तर सेडानचा विषय सोडून उंच सीटची गाडी बघू, तेव्हा मला पुन्हा लिहा, त्याचे आकडे वेगळे काढून देतो.