कंपन्यांची भाडी, घराचं भाडं आणि कॅनडाला निघण्याआधीची बँक

भाऊ, तुमचा प्रश्न मिळाला. हिंगणघाटकडचं सोयाबीनचं गोदाम एका प्रायव्हेट लिमिटेडचं, हायवेवरचे गाळे दुसरीचे, गावातलं घर तुमच्या नावावर; आणि टोरांटोला नोकरीसाठी निघण्याआधी सगळी भाडी एकाच एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या भारतातल्या कमाईसाठीच्या रुपयाच्या खात्यात, वळवायची म्हणता. तसं अजिबात करू नका.

एनआरओ होतं ते तुमचं बचत खातं. कंपनी भारतात नोंदलेली, ती रहिवासीच राहते. तिचं चालू खातं आहे तसंच चालवा आणि एकीचं भाडं दुसरीच्या खात्यात जाऊ देऊ नका. गेलं की ते कर्ज ठरतं आणि त्याचे ठराव, व्याज सगळं मागे लागतं. घराचं भाडं मात्र एनआरओत. त्यावर भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा कर, कापावाच लागतो, 30 टक्के आणि त्यावर सेस (उपकर), भाडं कितीही थोडं असो. गावच्या भाडेकरूला हे ठाऊक नसतं. त्याला सीएकडे तुम्हीच घेऊन जा.

खरी अडचण माणसाची आहे. दोन्ही कंपन्यांत तुम्ही आणि वहिनी दोघंच संचालक ना? कायद्याने एक तरी संचालक आर्थिक वर्षात किमान 182 दिवस भारतात राहिलेला हवा. धाकट्या भावाला आत्ताच संचालक करून घ्या, आणि बँकेत सहीचा अधिकारही ठराव करून द्या. वादळात गोदामाचे पत्रे उडाले, मिस्त्री सामानाचे पैसे मागत उभा आहे, गावात सकाळचे साडेदहा वाजलेत. तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यातही रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि ओटीपी तुमच्या उशाशी. म्हणून लहान रकमा भावाच्या एकट्याच्या सहीने, मोठ्या रकमांना नेटबँकिंगवर तुमची मंजुरी, अशी मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी लावून घ्या. भावावर विश्वास आहेच, पण हिशोब स्वच्छ राहिला तर त्यालाही कुणी बोल लावत नाही. तुमचं इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा.

कंपनीचा नफा तिकडे न्यायचा तर तो आधी लाभांश म्हणून एनआरओत येऊ द्या. कर भरून, सीएचा दाखला घेऊन वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

वावराचं विचारलंत. आहे ते ठेवता येतं, नवं विकत घेता येत नाही. कापसाचा चुकाराही एनआरओतच घ्या.