सार्कोफॅगस म्हणजे नुसती शवपेटी का?

प्रश्न असा आला आहे : रोममधल्या आरंभीच्या ख्रिस्ती शिल्पांवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘सार्कोफॅगस’ला, म्हणजे प्रेत ठेवायच्या कोरीव दगडी पेटीला, काय म्हणावे? शवपेटी, थडगे, की मुळाला धरून ‘मांसभक्षक’?

शेवटचा पर्याय आधी बाद करू. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘फागेइन’ म्हणजे खाणे, हे खरे. पण ते विशेषण पेटीचे नव्हते, दगडाचे होते. आजच्या तुर्कस्तानातल्या अ‍ॅसॉस इथल्या दगडात प्रेत ठेवले तर दात सोडून सगळे 40 दिवसांत नाहीसे होते, असे प्राचीन रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. पुढे दगडाचे नाव पेटीला चिकटले. पेटी संगमरवरी असो वा जांभळ्या पॉर्फिरी दगडाची, नाव तेच. तमिळनाडूत पल्लावरमला सापडलेल्या भाजक्या मातीच्या पेटीलाही अभ्यासक सार्कोफॅगसच म्हणतात. तेव्हा व्युत्पत्ती तळटीपेत शोभेल, प्रतिशब्द म्हणून नाही.

‘थडगे’ही नको. थडगे जागेवर बांधतात. ही पेटी कारखान्यात कोरून, गिऱ्हाइकाला विकून मग थडग्यात नेऊन ठेवत. पुष्कळदा गिऱ्हाईक ठरण्याआधीच कोरीवकाम उरकलेले असे, चेहरे मात्र मागाहून. रोमच्या सांता मारिया आंतिक्वा चर्चमधल्या, साधारण इ. स. 270च्या पेटीवर हात पसरून प्रार्थना करणारी स्त्री आणि ग्रंथ वाचणारा पुरुष आहेत; दोघांचे चेहरे अजून अर्धवटच आहेत.

राहिली ‘शवपेटी’. अर्थ चुकत नाही, पण आपल्या डोळ्यांसमोर येते ती लाकडी, मातीत जाऊन दिसेनाशी होणारी पेटी. इथे उलट आहे. दुसऱ्या शतकात रोमन दहनाकडून दफनाकडे वळले, तशा या पेट्या कुटुंबाच्या दफनगृहात नातेवाइकांना दिसतील अशा ठेवल्या जाऊ लागल्या. रोममध्ये त्या बहुधा भिंतीला टेकवत, म्हणून मागची बाजू कोरी. रोमचा नगरपाल युनियस बासस 359 साली, वयाच्या 42व्या वर्षी, नुकताच बाप्तिस्मा घेऊन वारला. त्याच्या पेटीच्या दर्शनी बाजूला खांबांच्या दोन ओळींत दहा प्रसंग आहेत. वर मधोमध बसलेला ख्रिस्त चक्क बिनदाढीचा, कोवळा! इतके सगळे ‘शवपेटी’ या शब्दात मावत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘शिल्पांकित दगडी शवपेटी (सार्कोफॅगस)’ आणि नंतर नुसते सार्कोफॅगस, असे मी सुचवेन.

जाता जाता, तुमच्या मसुद्यातली नावे. जोना, डॅनियल, पीटर, जॉब असे लिहू नका. मराठी बायबलात योना, दानीएल, पेत्र, ईयोब आहेत आणि मराठी ख्रिस्ती वाचक त्यांना तसेच ओळखतो. योनाला गिळणारा ‘मोठा मासा’ मात्र शिल्पात माशासारखा नसतो. लांब मान, वेटोळी शेपूट असा तो ग्रीक सागरी राक्षस असतो. तिथे ‘जलराक्षस’ लिहा, नाहीतर चित्र पाहणारा गोंधळेल.

लिंगाचे म्हणाल तर पेटीमुळे ‘ती सार्कोफॅगस’ म्हणावेसे वाटते. मी पुल्लिंगी वापरतो : तो सार्कोफॅगस, अनेकवचनी ते सार्कोफॅगस, सार्कोफॅगसवरची शिल्पे.